गाण्यांची सोंगं

मार्च २००१मध्ये नॅपस्टर या गाणी वाटण्याच्या जाळ्यावर ‘एटॅलिकाएम’ या नावाच्या फाइली दिसू लागल्या. या नावाचा बँड जगाच्या पाठीवर कुठेही नव्हता. फाइल उतरवून घेतली, की त्यातून मेटॅलिका हा खराखुरा बँडच ऐकू यायचा. इंग्रजी नावातलं पहिलं अक्षर उचलून शेवटी ठेवलेलं होतं, एवढीच काय ती करामत. शाळेत बाई वर्गात असताना मागच्या बाकांवर ‘च’ची भाषा चालायची, तिच्यातही पहिलं अक्षर असंच शेवटी जायचं आणि पुढे ‘च’ लागायचा. फरक इतकाच, की इथे मागच्या बाकावर कोट्यवधी लोक बसले होते आणि बाईंच्या जागी अमेरिकेतलं संघराज्य न्यायालय होतं.

गाण्याच्या फाइलला दुसऱ्याच कशाचं तरी रूप देऊन ती पहाऱ्यातून पलीकडे पोचवायची, हा उद्योग जवळपास पंचवीस वर्षं चालला. कधी गाणं छायाचित्र झालं, कधी झिप झालं, कधी कुलूपबंद गठ्ठ्याचा तुकडा झालं. कधी उलटंही घडलं आणि भलतंच काहीतरी गाण्याचा वेश घालून फिरलं. ही सोंगं ज्यांनी काढली, त्यातले बरेच जण विद्यार्थी होते. ज्यांनी ती ओळखायची यंत्रं बनवली, त्यातलेही बरेच जण काही वर्षांपूर्वी विद्यार्थीच होते. या चढाओढीत दोन्ही बाजू हुशार झाल्या. नुकसान झालं ते एका तिसऱ्याच गोष्टीचं, तिच्याकडे शेवटी येऊ.

पाटी बदला, आत शिरा

मुळात हे सगळं शक्य झालं ते गाणं लहान झाल्यामुळे. सीडीवरचं पाच मिनिटांचं गाणं साधारण ५३ एमबी जागा खातं. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रँडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या कानाला जे ऐकूच येत नाही ते गाण्यातून वगळायची पद्धत घडवली. तिच्यामुळे तेच गाणं पाचएक एमबीत बसू लागलं. त्या काळातल्या २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर मूळ गाणं उतरवायला चार तास लागले असते, ते आता वीस-बावीस मिनिटांवर आलं. या फाइलींच्या नावाच्या शेवटी ‘एमपी३’ लावायचं, हे या मंडळींनी १४ जुलै १९९५ रोजी ठरवलं. ही तीन अक्षरं जशी गाण्याची ओळख झाली, तशीच पहारेकऱ्यांच्या यादीतली पहिली नोंदही झाली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी इंटरनेटवर जिओसिटीजसारख्या कंपन्या कोणालाही फुकट जागा द्यायच्या. त्या जागेवर आपलं पान थाटावं, फोटो लावावेत, कविता टाकाव्यात, अशी अपेक्षा होती. पोरांनी तिथे गाणी ठेवायला सुरुवात केली. जून १९९७मध्ये अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने अशा तीन संग्रहांवर दावे लावले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत कायदा झाला, की पैसा कमावला नसला तरी फुकट वाटणं हाही गुन्हाच. त्या कायद्याखाली पहिला दोषी ठरला तो १९९९मध्ये, ऑरेगन विद्यापीठातला एक विद्यार्थी. त्याला दोन वर्षांचं प्रोबेशन मिळालं. फुकट जागा देणाऱ्यांचे धाबे दणाणले आणि त्यांनी एमपी३ फाइलींना दार बंद केलं.

पण दार बंद केलं म्हणजे काय केलं? नावाच्या शेवटी ‘एमपी३’ दिसलं, की फाइल परत पाठवायची. आत काय आहे, हे कोणी बघतच नव्हतं. मग ‘एमपी३’ पुसून तिथे ‘जेपीजी’ लिहिलं, की गाणं छायाचित्र म्हणून बिनबोभाट आत जायचं. शेजारी सूचना लिहिलेली असायची, की फाइल उतरवा, नावाची शेपटी परत बदला आणि ऐका. फाइल किती मोठी असावी यावर जागा देणाऱ्याची मर्यादा असेल, तर गाण्याचे तुकडे करून ते वेगवेगळ्या नावांनी ठेवायचे आणि आपल्या संगणकावर आणून पुन्हा जोडायचे. यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नव्हती. पहारेकरी फक्त पाटी वाचतो, एवढं ठाऊक असलं की पुरत होतं.

फाइलच्या पोटात

हे सोंग किती कच्चं होतं, ते घरच्या संगणकावर बघता येतं. आपल्याच आवाजात काहीतरी ध्वनिमुद्रित करा, एमपी३ म्हणून साठवा आणि नाव बदलून शेवटी ‘जेपीजी’ लिहा. संगणक लगेच त्या फाइलला छायाचित्राचं चिन्ह चिकटवतो. चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती उघडायला गेलात, तर फाइल खराब असल्याची तक्रार येते. तीच फाइल व्हीएलसीसारख्या प्लेयरमध्ये टाकली, तर तुमचा आवाज खणखणीत ऐकू येतो. पहिला प्रोग्रॅम छायाचित्र शोधत होता, ते त्याला सापडलं नाही. दुसऱ्याने नावाकडे लक्षच दिलं नाही, सरळ आत पाहिलं.

आत काय असतं? प्रत्येक प्रकारच्या फाइलच्या सुरुवातीला तिच्या जातीची खूण असते. जेपीजी छायाचित्र २५५ आणि २१६ या दोन अंकांनी सुरू होतं. झिप फाइल ‘पी’ आणि ‘के’ या अक्षरांनी सुरू होते, ती झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. एमपी३ फाइलवर गाण्याचं नाव, गायक वगैरे माहितीची चिठ्ठी लावलेली असेल, तर सुरुवातीला ‘आयडी३’ अशी खूण दिसते. चिठ्ठी नसली तरी गाणं लपत नाही, कारण एमपी३चं गाणं एकसंध नसतं. ते साधारण २६ मिलिसेकंदांच्या तुकड्यांचं बनलेलं असतं आणि प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर ठरावीक खूण असते, बहुतेक वेळा २५५ आणि २५१. म्हणजे पाटीवर ‘छायाचित्र’ लिहिलेलं असताना आतलं गाणं सेकंदाला ३८ वेळा स्वतःची खरी जात सांगत असतं. पाच मिनिटांत अकरा हजारांहून जास्त वेळा. ऐकणारा कोणी हवा, इतकंच.

पहारेकऱ्यांनी पाटी सोडून पहिले अंक तपासायला सुरुवात केल्यावर सोंगंही सुधारली. सगळ्यात देखणी युक्ती दोन फाइलींच्या वाचनाच्या तऱ्हेवर बेतलेली होती. जेपीजी वाचणारा प्रोग्रॅम सुरुवातीपासून वाचत जातो आणि २५५, २१७ ही समाप्तीची खूण आली की थांबतो. त्यापुढे काही असलं तरी त्याला त्याचं सोयरसुतक नसतं. झिप वाचणारा प्रोग्रॅम मात्र शेवटाकडून सुरुवात करतो, कारण आत कायकाय आहे याची यादी झिपच्या शेवटी असते. मग खऱ्या छायाचित्राच्या मागे गाण्यांची झिप चिकटवून दिली, की एकाच फाइलचे दोन अवतार होतात. चित्र म्हणून उघडा, सूर्यास्त दिसेल. झिप म्हणून उघडा, गाणी मिळतील. इथे पाटीही खरी आणि पहिले अंकही खरे. संशय येण्याजोगी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे वजन. दोन एमबीचा सूर्यास्त चाळीस एमबी कसा भरतो, हे कोणी विचारलं, तरच चोरी पकडली जायची.

आज ही युक्ती सहसा चालत नाही. तिला मारायला कोणी पोलीस आला नाही. फेसबुक किंवा व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून काही पाठवलं, की त्यांची यंत्रणा तो फोटो नव्याने, लहान आकारात तयार करते. मागे चिकटवलेलं सामान त्या कामात आपोआप गळून पडतं.

गाण्याचा वेश घातलेले

नॅपस्टरवर गोष्ट नेमकी उलटी होती. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात शिकणाऱ्या शॉन फॅनिंगने १९९९मध्ये ते सुरू केलं. तिथे एमपी३ असणं हाच प्रवेशाचा परवाना होता आणि बाकी कुठलीही फाइल जाळ्यात दिसतच नव्हती. मार्च २०००मध्ये ‘ऑक्टेव्हियन’ अशा टोपणनावाने वावरणाऱ्या कोणीतरी ‘रॅप्स्टर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम सोडला. तो कुठल्याही फाइलवर एमपी३चं कवच चढवायचा. खेळ, सॉफ्टवेअर, चित्रफिती हे सगळं गाण्याच्या वेशात नॅपस्टरवरून फिरू लागलं. उतरवून घेणाऱ्याने त्याच प्रोग्रॅमने कवच काढायचं की झालं. एकाच काळात एका दारावर गाणं छायाचित्र बनून उभं होतं आणि दुसऱ्या दारावर सॉफ्टवेअर गाणं बनून. सोंग कुठलं घ्यायचं हे पहारेकऱ्याची आवडनिवड पाहून ठरत होतं.

डिसेंबर १९९९मध्येच ध्वनिमुद्रण कंपन्यांनी नॅपस्टरवर दावा ठोकला होता. एप्रिल २०००मध्ये मेटॅलिकानेही ठोकला आणि मे महिन्यात आपली गाणी वाटणाऱ्या ३ लाखांहून अधिक खात्यांची कागदोपत्री यादी खोकीच्या खोकी भरून नॅपस्टरच्या कचेरीत आणून टाकली. तरी वापर वाढतच गेला. फेब्रुवारी २००१मध्ये नॅपस्टर वापरणाऱ्यांचा अंदाज २ कोटी ६४ लाखांवर पोचला होता. ५ मार्च २००१ रोजी न्यायाधीश मेरिलिन हॉल पटेल यांनी आदेश दिला, की कंपन्यांनी गाण्यांची आणि फाइलींची नावं कळवायची आणि नॅपस्टरने ती अडवायची.

नावांवर पहारा बसला, म्हणून लोकांनी नावंच मोडली. अक्षरं गाळली, जास्तीची घातली, उलटीपालटी केली. एमस्टर नावाच्या दुसऱ्या एका सेवेने हे काम आपोआप करणारा प्रोग्रॅमच वाटला. ‘एटॅलिकाएम’ जन्मला तो तिथे. एमस्टरचा युक्तिवाद तर आणखीनच तिरपागडा होता. ही आमची सांकेतिक लिपी आहे आणि कुलूप तोडण्याविरुद्धचा जो कायदा कंपन्यांनी स्वतःसाठी करून घेतला, त्याच कायद्याने ती उलगडणं गुन्हा ठरतं, असं त्यांचं म्हणणं. नॅपस्टरने ग्रेसनोट या कंपनीकडे धाव घेतली. लोक गाण्यांची आणि गायकांची नावं किती तऱ्हांनी चुकीची लिहितात, याचा मोठा साठा तिच्याकडे होता. सीडीची माहिती भरताना सर्वसामान्य माणसांनी केलेल्या शुद्धलेखनाच्या चुका आता पुरावा म्हणून उपयोगी पडू लागल्या. पुढे नॅपस्टरने गाणं आवाजावरून ओळखणारं तंत्रही आणलं आणि जवळजवळ सगळी गाणी अडवून दाखवली. पण न्यायालयाला ‘जवळजवळ’ मान्य नव्हतं. जुलै २००१मध्ये नॅपस्टर बंद झालं, ते तसं पुन्हा उघडलं नाही.

न बघण्याचं सोंग

एमस्टरने आणखी एक सोंग काढलं होतं, आणि ते फाइलींचं नव्हतं, स्वतःचं होतं. त्यांच्या सेवेत सगळी देवाणघेवाण सांकेतिक लिपीत व्हायची. त्यामुळे कोण काय पाठवतो हे आम्हाला कळूच शकत नाही, मग आम्ही दोषी कसे, असं ते विचारत. ३० जून २००३ रोजी अमेरिकेच्या सातव्या सर्किट न्यायालयात न्यायाधीश रिचर्ड पॉस्नर यांनी हा बचाव फेटाळला. जाणूनबुजून डोळे मिटून घेणं हे कायद्याच्या नजरेत माहीत असण्यासारखंच आहे, असा त्यांच्या निकालाचा आशय.

आपल्याकडे हाच प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयासमोर आला, तो सुपर कॅसेट्स म्हणजे टी-सिरीज विरुद्ध मायस्पेस या खटल्यात. २०११मध्ये एकसदस्यीय पीठाने मायस्पेस या संकेतस्थळाच्या विरोधात निर्णय दिला. डिसेंबर २०१६मध्ये द्विसदस्यीय खंडपीठाने तो फिरवला. आपल्याकडे कुठेतरी चोरीची गाणी असतील, अशी मोघम कल्पना असणं पुरेसं नाही. नेमकं कुठलं गाणं, हे मालकाने कळवलं आणि तरी ते हटवलं नाही, तर सेवा जबाबदार ठरते. पॉस्नर यांचा आणि दिल्लीच्या खंडपीठाचा, हे दोन निकाल वरवर एकमेकांविरुद्ध वाटतात, पण त्यांचा सांधा एकच आहे. मध्यस्थाने फाइलच्या आत किती डोकावायचं? अजिबात डोकावू नका म्हटलं, तर चोराचं फावतं. सगळंच बघा म्हटलं, तर प्रत्येकाचं टपाल फोडून वाचणारा एक कारकून कायमचा नेमावा लागतो.

कंपन्यांनीही तोंडाला रंग लावला

या कथेत कंपन्या केवळ पहारा देत बसल्या होत्या, असं समजू नका. सन २०००मध्ये कॅनडाच्या बेअरनेकेड लेडीज या बँडने आपल्या नव्या गाण्याच्या नावाने नॅपस्टरवर अशा फाइली सोडल्या, की गाणं सुरू होऊन मध्येच बँडवाले गप्पा मारत नव्या अल्बमची जाहिरात करू लागायचे. एप्रिल २००३मध्ये मॅडोनाच्या ‘अमेरिकन लाइफ’ या अल्बमच्या नावाने फिरणाऱ्या फाइलींत गाण्याऐवजी खुद्द मॅडोनाने चोरट्यांना शिवी हासडून विचारलेला जाब होता. चिडलेल्या कोणीतरी तिचं संकेतस्थळ फोडून तिथे तिची खरी गाणी ठेवून दिली. अशा फसव्या फाइली हजारोंनी सोडण्याचा धंदा करणाऱ्या ओव्हरपीअर आणि मीडियाडिफेंडर यांसारख्या कंपन्याही निघाल्या.

ही कल्पना मात्र नवी नव्हती. चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून लेनिनग्राडमध्ये सरकारला न चालणारी गाणी रुग्णालयांनी टाकून दिलेल्या एक्स-रे फिल्मवर कोरून विकली जायची. फिल्म गोल कापायची, मध्ये सिगारेटने भोक पाडायचं आणि कोणाच्या तरी बरगड्यांवरून जॅझ किंवा टँगो ऐकायचा. रुस्लान बोगोस्लोव्स्की हा त्यातला नामांकित कारागीर आणि त्यासाठी त्याने तुरुंगवासही भोगला. रशियन रॉक-समीक्षक आर्तेमी त्रोइत्स्की यांनी लिहून ठेवलं आहे, की अशा काही तबकड्यांवर काही सेकंद गाणं वाजून मग रशियनमध्ये ऐकणाऱ्याची टर उडवणारा आवाज यायचा. मॅडोनाच्या फाइलींचं पूर्वरूप त्या बरगड्यांवर कोरलेलं होतं.

सोनी बीएमजीने तर हद्द केली. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रुसिनोविच या संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं, की सोनीच्या काही सीडी संगणकात घातल्या की एक प्रोग्रॅम गुपचूप आत शिरतो आणि स्वतःला लपवतो. ज्या फाइलच्या नावाची सुरुवात ‘$सिस$’ अशा खुणेने होते, ती फाइल मालकाला दिसूच नये, अशी त्याची व्यवस्था होती. नक्कल होऊ नये म्हणून हा खटाटोप. पण नावाला ती खूण लावली, की कुठलीही फाइल अदृश्य होत असल्यामुळे ऑनलाइन खेळांत लबाडी करणाऱ्यांनी आणि व्हायरस लिहिणाऱ्यांनीही तिचा फायदा उठवला. पैसे मोजून सीडी विकत घेणाऱ्याच्या संगणकाला भगदाड पडलं आणि फुकट उतरवणारा सुरक्षित राहिला. सोनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या.

यंत्राला कान फुटले

यानंतर पहारा दोन पायऱ्या खोल गेला. पहिली पायरी ठशाची. फाइलमधल्या सगळ्या अंकांवर गणित करून एक छोटी संख्या काढायची आणि ती काळ्या यादीत टाकायची. नाव काहीही ठेवा, आतले अंक तेच असतील तर ठसा तोच येतो. रॅपिडशेअर, मेगाअपलोड अशा साठवणुकीच्या सेवांच्या काळात हे तंत्र चाललं. त्याला उत्तरही लगेच सापडलं. शेवटी एक निरर्थक अंक जोडला की ठसा पूर्ण बदलतो. शिवाय गाण्यांचा गठ्ठा करून त्याला पासवर्डचं कुलूप लावलं, तर आत डोकावायची सोयच राहत नाही. जानेवारी २०१२मध्ये मेगाअपलोडवर छापा पडला आणि २०१५मध्ये रॅपिडशेअर बंद झालं, पण ते सोंगं ओळखली गेली म्हणून नव्हे, खटल्यांच्या दडपणाखाली.

दुसरी पायरी खुद्द कानाची. गाणी ओळखून देणाऱ्या शॅझम कंपनीच्या एव्हरी वँग यांनी २००३मध्ये मांडलेली पद्धत थोडक्यात अशी. गाण्याचा आलेख काढायचा, आडव्या बाजूला वेळ आणि उभ्या बाजूला स्वरांची उंची. त्यातले फक्त सगळ्यात ठळक ठिपके ठेवायचे, बाकी सगळं पुसायचं. उरलेल्या ठिपक्यांमधली अंतरं म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाची ओळख. हॉटेलातल्या गोंगाटातही ते ठिपके टिकून राहतात. फाइल एमपी३ आहे की आणखी काही, नाव काय, ठसा काय, याच्याशी या पद्धतीला देणंघेणं नाही. यूट्यूबने २००७मध्ये आपली कंटेंट आयडी यंत्रणा आणली, तीही आवाजच तपासते.

मग सोंग आवाजालाच घ्यावं लागलं. गाणं थोडं जलद करा, पट्टी अर्ध्या स्वराने चढवा, मागे पावसाचा आवाज घाला. यूट्यूबवर आपली आवडती गायिका मध्येच लहान मुलीसारखी का गाते, असा प्रश्न पडला असेल, तर त्याचं एक उत्तर हे आहे. पण इथवर आल्यावर सोंगाचा हेतूच संपतो. पहाऱ्यातून सुटण्यासाठी गाणंच बिघडवायचं असेल, तर पलीकडे पोचवायचं काय?

यंत्राच्या कानाला शहाणपण मात्र नाही. सप्टेंबर २०१८मध्ये ब्रिटिश पियानोवादक जेम्स ऱ्होड्स यांनी घरी वाजवलेला बाखचा तुकडा फेसबुकवर टाकला. यंत्राने त्यातल्या ४७ सेकंदांवर सोनी म्युझिकची मालकी सांगितली. बाख १७५०मध्ये वारला आणि वाजवणारा माणूस स्वतः ऱ्होड्स. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या एका संगीतज्ञाने यूट्यूबवर ठेवलेल्या दहा तासांच्या नुसत्या खरखरीवर मालकी हक्काचे पाच दावे आले. चोर पकडायला नेमलेला पहारेकरी आता घरच्यांनाही हटकतो.

गाणी भरून मिळतील

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमच्या कृपेने. पण गाण्यांची खरी ने-आण तारेवरून झालीच नाही. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून उतरवलेलं गाणं घरी न्यायचं, तर १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर मावायचं नाही. मग झिपचे तीन-चार तुकडे करून तेवढ्या फ्लॉप्या खिशात घालायच्या. घरी पोचल्यावर नेमकी शेवटची फ्लॉपी खराब निघायची. पुढे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत दीडशे गाण्यांच्या एमपी३ सीडी फुटपाथवर आल्या. त्यानंतर मोबाइलच्या दुकानांवर पाट्या लागल्या, ‘गाणी भरून मिळतील’. मेमरी कार्ड द्या, भजनं की कव्वाली की सिनेमाची एवढं सांगा आणि चहा पिऊन या.

या सगळ्या व्यवहारात गाण्याला सोंग घ्यायची गरजच पडली नाही, कारण दारात पहारेकरीच नव्हता. सोंगं आली ती संकेतस्थळांच्या पातळीवर. मार्च २०१२मध्ये भारतीय संगीत उद्योगाच्या संघटनेच्या अर्जावर कोलकाता उच्च न्यायालयाने १०४ संकेतस्थळं बंद करायला लावली. ‘सॉन्ग्ज डॉट पीके’ हे त्यातलं सर्वांत गाजलेलं. ते नाव थोडं फिरवून पुन्हा अवतरलं आणि मग एकामागून एक नवी नावं घेत राहिलं. एप्रिल २०१९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशा वेश पालटणाऱ्या संकेतस्थळांसाठी वेगळीच तजवीज केली. मूळ स्थळ बंद करण्याचा आदेश मिळाला असेल, तर त्याच्या नव्या अवतारासाठी नवा दावा लावायला नको, जुन्याच आदेशात त्याची भर घालता येते.

सोंगांचा बाजार अखेर उठला तो पहाऱ्यामुळे कमी आणि हिशेबामुळे जास्त. एप्रिल २००३मध्ये ॲपलने ९९ सेंटला एक गाणं विकायला काढलं. २००८मध्ये युरोपात स्पॉटिफाय आलं. आपल्याकडे २०१६मध्ये जिओने डेटा फुकटाच्या भावात वाटला आणि गाणी ऐकवणाऱ्या ॲपांची रीघ लागली. तुकडे जोडा, शेपट्या बदला, पासवर्ड शोधा, हा सगळा खटाटोप एका बोटाच्या स्पर्शापुढे फुकटातही महाग वाटू लागला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. स्ट्रीमिंगमधून कलावंताच्या हाती नेमकं किती पडतं, हे पाहिलं की या म्हणीचा दुसरा अर्थही कळतो.

हरवलेली गोष्ट

आता त्या तिसऱ्या गोष्टीकडे येऊ. सोंगांच्या या धामधुमीत गेलं ते गाण्याचं नाव.

‘डोन्ट वरी, बी हॅपी’ हे गाणं बॉबी मॅकफेरिनचं, १९८८मधलं. नॅपस्टरच्या काळापासून ते बॉब मार्लीच्या नावाने फिरतंय. मार्ली १९८१मध्येच गेला होता. फाइलचं नाव कोणीतरी कधीतरी चुकीचं लिहिलं आणि पुढच्या लाखोंनी ते तसंच उतरवलं. आपल्या मेमरी कार्डांची अवस्था याहून वाईट. गायकाच्या रकान्यात संकेतस्थळाचा पत्ता, अल्बमच्या रकान्यातही तोच पत्ता, गाण्याचं नाव ‘ट्रॅक ०१’. संगीतकार आणि गीतकार यांचे रकाने तर कोरेच. एखाद्या नाट्यपदाची किंवा जुन्या बैठकीची फाइल दहा हातांतून फिरून आपल्यापर्यंत येते, तेव्हा ती कोणी गायली, कधी, साथीला कोण होतं, यातलं काहीही तिच्यासोबत येत नाही. पहाऱ्यातून गाणं वाचतं आणि गाणारा मागे राहतो.

कायद्यालाही याची जाण आहे. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने कलम ६५ब आलं. हक्कांविषयीची माहिती फाइलमधून परवानगीशिवाय मुद्दाम काढून टाकली किंवा बदलली, तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बेकायदा प्रत काढून वाटण्याची शिक्षा वेगळी, कलम ६३खाली सहा महिने ते तीन वर्षं आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड.

त्याच कायद्यातली दुसरी तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९६०मध्ये निघालेली तबकडी १ जानेवारी २०२१पासून मोकळी झाली. शब्द आणि चाल यांचा हक्क त्यांच्या कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८मध्ये गेले. ‘मानापमान’चे संगीतकार गोविंदराव टेंबे १९५५मध्ये आणि ‘स्वयंवर’च्या चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२मध्ये. म्हणजे या नाटकांतल्या पदांच्या बालगंधर्वांनी गायलेल्या जुन्या तबकड्या आज भारतात कोणीही उघडपणे ऐकवू शकतो, वाटू शकतो. अमेरिकेत राहणाऱ्यांनी मात्र जरा जपून, तिथे १९२३ ते १९४६मधल्या ध्वनिमुद्रणांना १०० वर्षांचं संरक्षण आहे.

तेव्हा ज्यांच्या घरात जुन्या तबकड्या, स्पूल, कॅसेटी आहेत आणि ज्यांनी त्यांच्या एमपी३ करून ठेवल्या आहेत, त्यांना एवढंच सांगणं आहे. हक्क संपलेलं संगीत चोरून देऊ नका, खुलेपणाने द्या. हक्क शिल्लक असेल, तर मालकाला विचारा. आणि दोन्ही बाबतींत फाइलवरची चिठ्ठी आधी भरा. गायक किंवा गायिका, पद, नाटक, संगीतकार, साथीदार, तबकडीचा क्रमांक, वर्ष. जे माहीत नसेल तो रकाना कोरा ठेवा, पण अंदाजाने भरू नका. एका फाइलला पाच मिनिटं लागतात.